अण्णांच्या गणपती शाळेच्या नोंदी

१२ एप्रिल २०२५

अण्णा, आमचे वडील, फेब्रुवारीत गेले, माघी गणपती होऊन थोडेच दिवस झाले होते. दिवसकार्य, दाखले, बँक हे सगळं आटोपल्यावर आज मी आणि दादा शाळेचं दार उघडून आत बसलो. शाळा म्हणजे आमच्या वेंगुर्ल्याच्या घराला लागून असलेली चिऱ्यांची लांब पडवी. चाळीसेक वर्षं अण्णांनी इथे गणपती केले. भिंतीला लागून फळ्या, माळ्यावर साचे, कोपऱ्यात मागच्या वर्षीची उरलेली शाडू गोणपाटाखाली झाकलेली. रंगाच्या वाट्या त्यांनी धुऊन पालथ्या घातल्या होत्या, त्या तशाच आहेत.

काम ठरवलं ते असं. माळ्यावरचा प्रत्येक साचा खाली काढून पुसायचा, फोटो काढायचा, कुठला कोणत्या उंचीचा ते लिहायचं. अण्णांची वही मी पूर्ण उतरवून काढायची, म्हणजे कागद गेला तरी मजकूर राहील. आणि यंदा शाळा चालवायची की नाही ते मेअखेरपर्यंत ठरवायचं. दादा लहानपणापासून अण्णांच्या हाताखाली होता. माती, साचा, रंग हे त्याच्या अंगवळणी आहे. डोळे मात्र त्याने कधी काढलेले नाहीत. डोळे अण्णाच काढायचे.

२० एप्रिल

साचे खाली काढले. प्लास्टरचे साचे जड, दोघांनी धरूनच उतरवावे लागतात. दोन साच्यांच्या कडा झिजून गोल झाल्यात, त्यातून सोंडेची रेघ नीट उठणार नाही. तीन-चार साच्यांवर आजोबांच्या हातचे आकडे आहेत. आईने मधेच येऊन एका साच्यावरून हात फिरवला आणि काही न बोलता आत गेली.

४ मे

वही उघडली. लांबट, कापडी पुठ्ठ्याची, दुकानात जमाखर्चाला असते तसली. पहिली नोंद १९८३ ची. मला वाटलं होतं आत हिशेब असणार. हिशेब आहे, पण कडेला, पेन्सिलीने. बऱ्याच पानांवर येणं लिहून पुढे काहीच लिहिलेलं नाही, म्हणजे ते पैसे त्यांनी मागितलेच नसणार. पान असतं ते घराचं. एका घराला एक पान, आणि त्यात वर्षानुवर्षं वेगवेगळ्या शाईत भर पडत गेलेली.

खालच्या वाडीतल्या एका घराचं पान जसंच्या तसं उतरवते: "उंची १५ इंच. सोंड डावी. पितांबर पिवळं, शेला हिरवा. पाट फणसाचा, पुढचा उजवा पाय आखूड, खाली पट्टी घालणे. कोनाडा जमिनीपासून ३ फूट, प्रभावळ मावत नाही." त्याखाली २००९ ची नोंद: "आजींना आता उभं राहवत नाही. खाली बसूनच पूजा बघतात. डोळे खाली."

डोळे खाली. म्हणजे त्या वर्षापासून त्या घरच्या गणपतीची नजर अण्णांनी थोडी खाली वळवली, का तर जमिनीवर बसलेल्या म्हातारीकडे त्याने बघावं. त्या घरात हे कोणाला सांगितलं असेल असं वाटत नाही. आम्हालाही ठाऊक नव्हतं.

दुसऱ्या एका पानावर, २०२१: "यजमान गेले. मूर्ती मुलगा नेणार, वय १२. आतून पोकळ जास्त करणे. उंची तीच." मी दादाला विचारलं. त्याला आठवलं की त्या वर्षी अण्णांनी एक मूर्ती साच्यातून काढल्यावर आतून पुन्हा खरवडायला लावली होती. कारण सांगितलं नव्हतं. बाहेरून पाहणाऱ्याला मूर्ती दरवर्षीचीच, कुठे काही कमी केलंय असं त्या पोराला वाटता नये, आणि शेताच्या मेरेवरून चालताना त्याच्या हातांना तर झेपली पाहिजे.

हे वाचल्यावर मला बराच वेळ पान उलटवेना. अण्णा घरात कमी बोलायचे. मी पुण्याहून फोन केला की "जेवलंस?" एवढं विचारून फोन आईकडे द्यायचे. आता या वहीत मला त्यांचं बोलणं सापडतंय. गावातल्या कोणत्या घरात नवी सून आली, कोणाच्या वडिलांची दृष्टी गेली, कोणाचं घर मातीचं जाऊन स्लॅबचं झालं आणि मखर कुठे हललं, हे सगळं त्यांनी बघून ठेवलं होतं आणि मूर्तीत उतरवलं होतं. दृष्टी गेलेल्या त्या आजोबांच्या पानावर लिहिलंय, "दागिने उठावाचे. हाताला लागले पाहिजेत."

६ मे

शाळा चालवायची. वही वाचल्यावर दादा आणि मी वेगळं काही बोललोच नाही.

आत्याला ते पटलं नाही. वर्ष व्हायच्या आत घरात रंग, माती, लोकांची ये-जा नको, असं तिचं म्हणणं. तिचंही दुःख आहे, तिचा पाठचा भाऊ गेला. मूर्तीसाठी प्रत्येक घर आपला पाट शाळेत आणून ठेवतं. आई एवढंच म्हणाली, "लोकांचे पाट येतले, तेंका काय सांगूचा?" त्यावर आत्या गप्प झाली. संध्याकाळी तीच गोणपाट धुवायला बसली.

२१ मे

कालपासून धो धो पाऊस. मे महिन्यात असला पाऊस आईलाही आठवत नाही. पडवीच्या कौलांतून गळायला लागलं, म्हणून साचे पुन्हा आतल्या खोलीत हलवले. शाडूची पोती फळ्यांवर चढवली.

२६ मे

काल मान्सून तळकोकणात आला. एरवी जूनचा पहिला आठवडा उजाडतो. आमच्या कामाच्या दृष्टीने ही वाईट बातमी, कारण प्लास्टरचा साचा मातीतलं पाणी ओढून घेतो म्हणून तर माती कडेने सुटते. साचाच ओला असेल तर माती चिकटते आणि ओढताना नाक-कान तुटतात. अण्णा मेच्या कडक उन्हात सगळे साचे अंगणात वाळवून घ्यायचे. यंदा ते ऊन मिळालं नाही. चुलीच्या खोलीत, धुरापासून लांब, एकेक साचा उभा करून ठेवलाय.

८ जून

मृग लागला. आज पहिली मूर्ती साच्यातून काढली.

माती आदल्या दिवशी भिजवलेली. दादा ती फळीवर आपटून आपटून मळतो, आतली हवा जाईपर्यंत. मग पोळी लाटल्यासारखी थापून साच्याच्या दोन्ही अर्ध्यांत अंगठ्याने दाबत जायचं. मधे आधी, मग कडेला, पोटाच्या जागी जाड, मुकुटाच्या टोकाला नीट भरून. दोन अर्धे एकमेकांवर बसवायचे, सांध्याला आतून पातळ मातीचा हात द्यायचा. सोंड आणि कान यांच्या मातीत पिंजलेला कापूस मिसळायची अण्णांची पद्धत, त्याने बारीक जागा वाळताना तुटत नाहीत. दादाने कापूस मिसळला तेव्हा मी त्याच्या हातांकडे बघत होते. चिमूट सोडायची ढब थेट अण्णांची. त्याला सांगितलं तर तो म्हणाला, मला दुसरी ढब येतच नाही.

साचा उघडला. मूर्ती ओली, काळपट, पाणी सुटलेली. दादाने ओल्या कापडाने सांध्याची रेघ पुसली. आई दारात उभी होती. तिने आत येऊन मूर्तीपुढे हात जोडले. कच्च्या मूर्तीला कोणी हात जोडत नाही.

११ जून

बाजारात सगळीकडे कोर्टाचीच चर्चा. ९ जूनला मुंबई उच्च न्यायालयाने पीओपीच्या मूर्ती करायला परवानगी दिली, पण नदी, तलाव, समुद्रात त्या सोडायला नाही. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाची नियमावली २०२० पासून आहेच. आम्हाला त्याने फरक पडत नाही. अण्णांनी पीओपीला कधी हात लावला नाही. त्यांचं म्हणणं साधं होतं, विसर्जन झाल्यावर दुसऱ्या दिवशी व्हाळात, म्हणजे ओढ्यात, काही दिसता नये. पीओपी झटपट वाळतं, हलकं असतं, स्वस्त पडतं, हे त्यांना माहीत होतं. पाण्यात ते विरघळत नाही, हेही माहीत होतं.

६ जुलै

आषाढी. पहिले पाट आले.

पाट येतो तो सुपारी आणि नारळ घेऊन. पाटाच्या खाली घराचं नाव तैलरंगात लिहिलेलं, काहींवर दोन-तीन पिढ्यांचे थर. पाट ठेवताना प्रत्येक जण अण्णांच्या बसायच्या जागेकडे बघत होता. तिथे त्यांचा सदरा तसाच आहे, आईने हलवू दिलेला नाही. एक काका दारातूनच म्हणाले, "चेडवा, पाट खंय ठेवू? अण्णा हयसर ठेवायचे." मी म्हटलं, तिथेच ठेवा.

कोणी मूर्तीचं वर्णन सांगायला लागलं की मी वही उघडून आधीच वाचून दाखवत होते. दोघी-तिघींना रडू आलं. वही आमच्यासाठी आहे एवढंच मी धरून चालले होते. त्यांचं घर अण्णांच्या अक्षरात आपल्याकडे आहे, हे त्यांना आज कळलं.

२९ जुलै

नागपंचमी. पाट आता भिंतीला दाटीवाटीने उभे. एकशेदहाच्या आसपास झालेत, मागच्या वर्षापेक्षा थोडे कमी. काही घरं तयार मूर्तींकडे गेली असतील, काहींना वाटलं असेल की शाळा बंदच राहील. दादा म्हणतो, जेवढे आलेत तेवढे नीट होऊ देत.

१० ऑगस्ट

वाळवण हेच यंदाचं मोठं काम. हवेत पाणी इतकं की मूर्ती बाहेरून सुकल्यासारखी वाटते आणि हात लावला की गार लागते, म्हणजे आत ओल आहे. ओल असताना पांढरा हात दिला तर पुढे पोपडे उडतात. मोठे बल्ब लावलेत, पण लांबून. जवळ लावले तर बाहेरचा थर आधी आकसतो आणि तडा जातो. एका मूर्तीच्या खांद्याला केसभर तडा गेला, दादाने तिथे पातळ माती भरून वर ओलं फडकं ठेवलं आणि दोन दिवस तिला दिव्यापासून दूर ठेवलं. सांधला गेला.

काल-परवा नारळी पौर्णिमा झाली. मच्छीमार नारळ सोडून समुद्रावर जायला लागले. आमच्या घरी मासळी आली तशी आईने शेजारी देऊन टाकली. अण्णांना पहिल्या हंगामाचा बांगडा लागायचा.

१४ ऑगस्ट

कांती, पितांबर, शेले झाले. वहीतल्या रंगांप्रमाणेच. सोनेरी उद्यापासून.

१८ ऑगस्ट

डोळे.

हे पान मी मुद्दाम सविस्तर लिहिते, कारण वहीत याबद्दल एक ओळ नाही. जे हाताला येतं ते त्यांनी लिहून ठेवलं नाही, घरांचं तेवढं लिहिलं.

दादा गेले कित्येक दिवस रात्री जुन्या, रंग न दिलेल्या मुखवट्यांवर सराव करत होता. अण्णांचा बारीक ब्रश, त्याचे केसही त्यांनी कापून आणखी बारीक केलेले. आधी डोळ्याच्या खोबणीत पांढरा. तो वाळला की वरच्या पापणीची काळी रेघ, नाकाकडून कानाकडे, श्वास रोखून एका हातात. मग भुवई. मग बुबुळ. नजर ठरते ती बुबुळाच्या जागेवर. ते मधोमध आलं तर मूर्ती डोळे वटारते. वरच्या पापणीने त्याचा थोडा भाग झाकला पाहिजे, तेव्हा ती शांत दिसते. अगदी शेवटी पांढरा बारीक ठिपका, दोन्ही डोळ्यांत एकाच बाजूला. अण्णांचे डोळे लांबट असायचे, कानाकडे ओढलेले. तरुणपणी कुडाळजवळच्या पिंगुळीला जाऊन ठाकर लोकांच्या चित्रकथी, म्हणजे गोष्ट सांगताना दाखवायची चित्रं, तासन्तास बघत बसायचे ते, ती आखणी कुठेतरी त्यांच्या हातात उतरली असावी असं मला नेहमी वाटतं.

दिवसभर बाहेर मुसळधार. दुपारी लाईट गेली. दादाने दाराशी मूर्ती आणून उजेडात काम चालू ठेवलं.

खालच्या वाडीतल्या त्या घरच्या मूर्तीला हात घालण्याआधी त्याने फळीवर फळी रचून वहीतला ३ फुटांचा कोनाडा केला, मूर्ती वर ठेवली आणि स्वतः समोर जमिनीवर मांडी घालून बसला. पेन्सिलीने बुबुळाची जागा खुणावली, पुन्हा खाली बसून पाहिली, बोटाने पुसली, पुन्हा खुणावली. खालच्या पापणीला बुबुळ टेकलं, वरची पापणी थोडी जास्त उतरली. त्याने मला बसायला सांगितलं. मी बसले. गणपती माझ्याकडे बघत होता. मी उभी राहिले तेव्हा त्याची नजर माझ्या गुडघ्यांपाशीच राहिली. दादा उठून मागच्या दारी गेला आणि पावसाकडे तोंड करून खूप रडला. फेब्रुवारीपासून मी त्याला रडताना पाहिलं नव्हतं.

२३ ऑगस्ट

आमच्या स्वतःच्या घरचं पान शोधलं, सापडलं नाही. वही दोनदा पाहिली, सुटी पानं पाहिली. गावातली सगळी घरं आहेत, आमचं नाही. आमचा पाट तर आहे, सागवानी, आजोबांच्या वेळचा. उंची किती, शेला कुठला, कोणत्या साच्यातला? जुने फोटो काढून बसलो तर दोन वर्षांचे गणपती एकसारखे नाहीत. एकात मांडी, एकात पाय सोडलेला. एकात उंदीर पुढे, एकात मागे वळून बघणारा.

आईला विचारलं. ती कवंडळाची रानफळं निवडत होती, गणपतीच्या डोक्यावर टांगायच्या माटवीला बांधायला. म्हणाली, "आपलो शेवटचो. सगळ्यांचे झाले काय जी माती रवता, तेचो आपलो. वहीत कित्याक लिवतले?"

मग आठवलं. लोकांच्या सगळ्या मूर्ती रंगवून झाल्यावर अण्णा रात्री एकटे शाळेत बसायचे. आम्ही पोरं तोवर झोपलेली असायचो. सकाळी देव्हाऱ्यापाशी आमचा गणपती तयार, न रंगवलेला, मातीच्याच रंगाचा, फक्त डोळे काढलेले. साचा नव्हताच त्याला. माती जेवढी उरेल तेवढी त्याची उंची.

२४ ऑगस्ट

यंदा माती बरी उरली. दादाने मला बसवलं. पोट आणि बैठक त्याने केली, सोंड आणि कान मी केले. आत्याने उंदीर केला, तिला लहानपणी आजोबांनी शिकवला होता म्हणे. आईने हात लावला नाही, पण उठलीही नाही. दिव्याखाली चौघं बसलो होतो. अण्णांच्या गोष्टी निघाल्या. एकदा ऐन हरतालिकेला एक घर मूर्ती न्यायला आलंच नाही, घरात कोणी आजारी होतं, तेव्हा अण्णा स्वतः ती डोक्यावर घेऊन व्हाळ ओलांडून पोचवून आले होते. आत्याने त्यांचे शाळेतले उद्योग सांगितले. आई पोटभर हसली.

२६ ऑगस्ट

हरतालिका. पहाटेपासून लोक यायला लागले. चाकरमानी, लहान पोरं, टाळ. पाटासमोर विडा, नारळ, जमतील ते पैसे. दादाने किंमत सांगितली नाही, अण्णाही सांगत नसत. मूर्तीच्या तोंडावर रुमाल, आणि मोरया म्हणत मेरेवरून एकेक मूर्ती बाहेर.

सोळा वर्षांचा झालेला तो मुलगा आला. त्याची मूर्ती यंदा दादाने नेहमीच्या जाडीची ठेवली होती. तो उचलून म्हणाला, जड लागते. दादाने सांगितलं, आता तुला झेपते. मी त्याला त्याच्या घरचं पान दाखवलं. त्याने ते दोनदा वाचलं, मूर्ती खाली ठेवून अण्णांच्या बसायच्या जागेला वाकून नमस्कार केला आणि मगच निघाला.

संध्याकाळी मी खालच्या वाडीत गेले. आजी आता खूप थकल्यात. कोनाड्यात मूर्ती बसवल्यावर त्या समोर बसल्या, डोळे बारीक करून पाहत राहिल्या आणि मुलाला म्हणाल्या, "बघता मां माज्याकडे."

२८ ऑगस्ट

काल चतुर्थी. पूजा काकांनी केली. भजन नाही, आरास नाही, माटवी मात्र आईने हट्टाने पूर्ण बांधून घेतली. दीड दिवसाचा गणपती आज व्हाळात सोडला.

५ ऑक्टोबर

कामाचं:

झिजलेल्या दोन साच्यांच्या जागी नवीन काढायचे, त्यासाठी मूळ मूर्ती दादा दिवाळीनंतर घडवेल. वही पूर्ण उतरवून झाली. एक प्रत इथे, एक माझ्याकडे. मूळ वही शाळेतच राहील, आणि यंदाच्या भरी दादाने तिच्यातच केल्यात, त्याच्या अक्षरात. चार घरांत बदल आहेत, एका घरी बाळ रांगतंय, तिथे उंदीर पाटाला घट्ट बसवायचा. शाडूची मागणी मार्चमध्येच नोंदवायची, यंदासारखं मेवर ठेवायचं नाही. पडवीची कौलं पावसाआधी परतवून घ्यायची. त्या सोळा वर्षांच्या मुलाने शिकायला येऊ का म्हणून विचारलंय. दादाने त्याला अक्षय्य तृतीयेनंतर यायला सांगितलंय, जुने कपडे घालून, माती मळायला.